सुवर्णदुर्ग कुणी घेतला?

रत्नागिरी जिल्ह्यात जन्म काढून सुवर्णदुर्गावर पाय न ठेवलेली माणसं पुष्कळ सापडतील. आमच्या नात्यातच आठ-दहा निघतील (वाचताय ना मंडळी?). त्यांचा तरी काय दोष म्हणा! दापोलीहून हर्णैला जायचं ते मासळीसाठी. लिलाव बघायचा, सुरमई नाहीतर पापलेट पदरात पाडून घ्यायचं, आणि समोर पाण्यात तो काळा तट दिसतो त्याच्याकडे बोट करून पाहुण्यांना सांगायचं, "तो सुवर्णदुर्ग." पाहुणे मान डोलावतात, आणि मग सगळे मिळून आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जातात. बेट किनाऱ्यापासून एक किलोमीटरही लांब नाही, पण जाणं काही होत नाही.

याला एक कारण समुद्राचं आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा बेटावर जायचा प्रश्नच नाही. एप्रिल-मे मध्ये जाता येतं, पण तटावर सावली नाही आणि आतमध्ये ऊन नुसतं भाजून काढतं. राहता राहिले ते हिवाळ्याचे दिवस. डिसेंबरात समुद्र शांत, हवा बरी, पोरांना नाताळची सुट्टी. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जणांनी एकदाचा तो योग जुळवून आणला. सर्वात लहान पाच वर्षांची, सर्वात मोठी आमची आई, तिचं वय सांगितलेलं तिला आवडत नाही.

होडीचा प्रवास अगदी थोडा. हर्णैच्या बंदरातून निघालं की डाव्या-उजव्या हाताला किनाऱ्यावरचे तीन छोटे किल्ले दिसतात. समुद्रात घुसलेल्या खडकावर दीपगृह आहे तो कनकदुर्ग. कोळ्यांची घरं वर चढून बसली आहेत तो फत्तेगड. आणि रस्त्याला लागून ज्याचा तट अजून बऱ्यापैकी उभा आहे तो गोवा किल्ला. (गोव्याचा आणि याचा नावापुरता संबंध.) हे तिघे बेटाचे राखणदार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बेटाला धक्का नाही. होडी वाळूला लागली की गुडघाभर पाण्यात उतरायचं. आई कुणाचाही हात न धरता उतरली, एवढं नोंदवून ठेवतो.

दरवाजा पूर्वेला, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून आहे, पण बुरुजांच्या आड असा बसवलाय की समोर गेल्याशिवाय दिसत नाही. पायरीवर कासव कोरलंय आणि बाजूच्या तटावर मारुती. पोरांनी दोघांनाही नमस्कार केला. आत शिरलं की रान माजलेलं, जोती, पाण्याचे तलाव, विहीर, दारूकोठाराच्या भिंती. तटाकडे नीट बघितलं तर कळतं की बऱ्याच ठिकाणी त्याचा खालचा भाग रचलेला नाहीच, बेटाचाच कातळ तासून उभा केलाय आणि त्याच्यावर चिरे चढवलेत. पश्चिमेला चोरदरवाजा आहे. त्यातून बाहेर डोकावलं की थेट अरबी समुद्र, मध्ये काही नाही.

तिथे बसून दशम्या खाताना आमच्या पुतण्याने विचारलं, "एवढा भारी किल्ला आहे, मग हा घेतला कुणी?" कुणीतरी चटकन उत्तर दिलं, "इंग्रजांनी." त्याचं समाधान झालं, तो खेकडे शोधायला गेला. उत्तर चुकीचं नाही. शाळेच्या पेपरात पूर्ण मार्क मिळतील. पण मला ते तेव्हापासून टोचतंय, कारण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आपण घरात सहसा सांगत नाही. ते इथे लिहून ठेवतोय, त्या पुतण्यासाठी आणि आपल्या सगळ्यांसाठी.

किल्ला मुळात विजापूरकरांच्या काळातला. शिवाजीमहाराजांनी १६६० च्या सुमारास तो घेतला आणि चांगला मजबूत केला. पुढे मराठ्यांच्या आरमाराचं हे एक मोठं ठाणं झालं. कान्होजी आंग्रे या किनाऱ्यावर मोठे झाले. औरंगजेबाच्या काळात सिद्दीचा वेढा पडलेला असताना किल्लेदार फितूर होतोय असं दिसताच तरुण कान्होजींनी त्यालाच कैद केलं आणि किल्ला वाचवला, अशी गोष्ट परंपरेने सांगितली जाते. ते काही असो, पण १७२९ मध्ये कान्होजी वारले तेव्हा मुंबईपासून खाली विजयदुर्गापर्यंत आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी जहाजाला सुखाने जाता येत नव्हतं, हे इंग्रज, पोर्तुगीज, डच या तिघांनाही पुरतं ठाऊक होतं. इंग्रज त्यांना चाचे म्हणायचे. आपल्या पाण्यात आपला परवाना मागणारा चाचा कसा, हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नव्हतं.

कान्होजींच्या मागे मात्र घरात जे व्हायचं तेच झालं. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले. त्यांच्यामागे संभाजी आणि मानाजी या भावांचं पटेना. शेवटी १७३५ मध्ये वाटणी झाली. मानाजींकडे कुलाबा आणि 'वजारतमाब' हा किताब, संभाजींकडे विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाची बाजू आणि 'सरखेल' पद. जमिनीची वाटणी करताना बांध घालता येतो, आरमाराची करताना काय घालणार? समुद्र तोच, शत्रू तेच, फक्त गलबतं दोन ठिकाणी. पेशव्यांनी मानाजींना हाताशी धरलं. घर फुटलं की शेजारी मध्यस्थ होतो आणि मग हळूहळू मालक होतो, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको.

तरी संभाजींनी त्याच वर्षी, १७३५ च्या डिसेंबरात, इंग्रज कंपनीचं 'डर्बी' हे मोठं जहाज पकडलं होतं. म्हणजे ताकद नव्हती असं नाही. १७४२ मध्ये संभाजी वारले आणि त्यांच्या जागी धाकटे तुळाजी आले. हा गडी तर फारच तापट आणि कर्तबगार. १७४५ मध्ये त्यांनी सिद्दीकडून अंजनवेल घेतलं. १७४९ मध्ये इंग्रजांचं 'रिस्टोरेशन' धरलं. पण पुण्याला ते जुमानत नव्हते. पेशव्यांच्या मुलखाला आणि त्यांच्या माणसांना त्यांचा उपद्रव होत होता. नानासाहेब पेशव्यांच्या बाजूने बघायचं तर छत्रपतींच्या नावाने राज्य एकसूत्री चालवायचं आणि एक सरदार किनाऱ्यावर बसून आपल्याला विचारत नाही, हे त्यांना चालणं शक्य नव्हतं. ही बाजू सोडून दिली तर गोष्ट पुन्हा अर्धीच राहील.

प्रश्न असा होता की तुळाजीला वठणीवर आणायचं कसं? जमिनीवर पेशव्यांची फौज होतीच. समुद्रावर तुळाजींशी बरोबरी करेल असं त्यांच्यापाशी काही नव्हतं. मग त्यांनी ज्यांच्याकडे ते होतं त्यांना बोलावलं. १९ मार्च १७५५ ला मुंबईकर इंग्रज आणि पेशव्यांचे कोकणातले सुभेदार रामाजी महादेव यांच्यात करार झाला. समुद्रावर हुकूम इंग्रजांचा. आंग्र्यांची जहाजं हाती आली तर दोघांत वाटून घ्यायची. आणि कामाचा मोबदला म्हणून बाणकोट कायमचं इंग्रजांना. बाणकोट म्हणजे हर्णैच्या उत्तरेला सावित्रीच्या मुखावरचा किल्ला. मुंबईबाहेर कोकणात पाय रोवायला इंग्रजांना अशी जागा हवीच होती.

करार झाल्यावर काही दिवसांतच कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. ४४ तोफांचं 'प्रोटेक्टर' आणि बरोबर काही लहान जहाजं. पेशव्यांची गलबतंही होती. २ एप्रिल १७५५ ला सुवर्णदुर्गावर मारा सुरू झाला. आधी पश्चिमेकडून, म्हणजे जिथे आम्ही दशम्या खाल्ल्या त्या बाजूने. तिथे कातळ आणि तट एकजीव आहेत, फारसं साधेना. मग जेम्सने जहाज फिरवून पूर्वेला आणलं, बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात, आणि अगदी जवळून तोफा डागल्या. आत आग लागली, दारूकोठार उडालं. दोन-तीन दिवसांत बेट आणि किनाऱ्यावरचे ते तिन्ही राखणदार पडले.

होडीतून परत येताना मी त्या मधल्या पाण्याकडेच बघत होतो. या किल्ल्याची सगळी रचना अशी आहे की खुल्या समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला तट अडवेल, आणि किनाऱ्याकडची बाजू ते तीन छोटे किल्ले सांभाळतील. म्हणजे किनारा आपला आहे हे गृहीत धरून बेट बांधलेलं. १७५५ मध्ये नेमकं तेच उरलं नव्हतं. किनाऱ्यावरचा मुलूख पेशव्यांच्या फौजेने तापवलेला, घरचा भाऊ कुलाब्याला परका झालेला. समुद्रातल्या किल्ल्याला पाणी वाचवत नाही, पलीकडची माणसं वाचवतात. मावळ्याच्या डोंगरी किल्ल्याला हे जितकं लागू, त्याच्या दुप्पट बेटाला.

ठरल्याप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले. इंग्रजांच्या एका गोळ्याने तिथे नांगरलेल्या 'रिस्टोरेशन'ला आग लागली. तेच, तुळाजींनी सात वर्षांपूर्वी धरून आणलेलं जहाज. त्याच्यावरून आग पसरत गेली आणि खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. वाटून घ्यायला जहाजंच राहिली नाहीत. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागले आणि त्यांचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं. त्यानंतर विजयदुर्ग पेशव्यांच्या ताब्यात द्यायला इंग्रजांनी पुष्कळ खळखळ केली, आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट पक्कं करून घेतलं ते वेगळंच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मराठ्यांचं आरमार तिथेच संपलं. तसं नाही. पेशव्यांनी विजयदुर्गाला आपलं आरमार उभं केलं. आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' झुंजून पकडलं. माणसं तीच होती, दर्या तोच होता. पण आंग्र्यांच्या वेळचा तो दरारा मात्र परत आला नाही.

आणि आता जी गोष्ट मला सांगायचीच होती ती. सुवर्णदुर्गावर हिवाळ्यात आलेले आम्ही काही पहिले पाहुणे नव्हे. १८०२ सालच्या हिवाळ्यात एक फार मोठा पाहुणा इथे येऊन गेला. त्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला. सिंहगड, मग रायगड-महाडकडे, आणि होळकरांची फौज मागे येतेय म्हटल्यावर सुवर्णदुर्ग. बाजीराव म्हणजे नानासाहेबांचा सख्खा पुतण्या. ज्या बेटावर चुलत्याने ४७ वर्षांपूर्वी इंग्रजांच्या तोफा आणल्या, त्याच बेटावर पुतण्या आसरा शोधत आला.

आसरा कसला मिळणार! मागे होळकर, पुढे पाणी. आंग्र्यांचा जमाना असता तर याच बंदरातून पन्नास गलबतं पेशव्यांच्या दिमतीला निघाली असती. आता मुंबईकर इंग्रजांना पत्रं गेली, आणि त्यांच्या जहाजाच्या संरक्षणात बाजीराव डिसेंबरात वसईला उतरला. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०२ ला, वसईचा तह झाला. इंग्रजांची सहा पलटणी फौज कायम पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कुणाशी लढायचं की तह करायचा ते इंग्रजांना विचारून. पुढे १८१८ मध्ये राज्य गेलं असं आपण म्हणतो. मला वाटतं, ते जायला लागलं या हर्णैच्या बंदरात, आणि तेही १८०२ मध्ये नव्हे, १७५५ मध्येच.

हे लिहिताना नानासाहेबांना गुन्हेगार ठरवायचा माझा हेतू नाही. त्यांच्या डोळ्यासमोर उत्तरेचं राजकारण होतं, कर्ज होतं, निजाम होता. तुळाजी त्यांना खरोखर डोकेदुखी होते. बंगाल अजून नवाबाकडे होता, प्लासीची लढाई व्हायला दोन वर्षं होती. मुंबईच्या बेटावर बसलेले हे व्यापारी उद्या काय करतील हे १७५५ च्या माणसाला कसं दिसणार? त्यांच्या हिशेबात इंग्रज म्हणजे भाड्याने आणायचा सुतार. काम झालं, मजुरी दिली, गेला. आपल्या घरातल्या भांडणातसुद्धा तिऱ्हाइताला बोलावताना माणूस हाच हिशेब करतो. भावाला नमवायचं असतं, तेवढ्यापुरतं. तिऱ्हाईत मात्र वाडा बघून जातो.

आणखी एक गंमत आहे, जिची मला गंमत वाटत नाही. लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक तिकोनी मनोरा आहे. विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने १७८४ मध्ये नवऱ्याच्या आठवणीसाठी तो बांधला. उंची साधारण ६३ फूट. नाव काय ठेवलं? 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! मोडकळीला आलेला हा मनोरा तिथल्या लोकांनी खटपट करून दुरुस्त केला आणि २०१४ मध्ये पुन्हा बघायला खुला केला. आज तिथली कुटुंबं सुट्टीच्या दिवशी वर चढून लंडन बघतात. त्यांच्या पोरांनी विचारलं की हे असलं विचित्र नाव कसलं, तर त्यांना सांगायला एक गोष्ट आहे, जेम्सने दूरदेशी एक किल्ला घेतला त्याची. अर्धी का होईना, पण ती दगडात बांधून ठेवली आहे.

आपल्याकडे आता जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्गाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो एक. सगळ्या कोकणाला आनंद झाला, मलाही झाला. आता जाणारे वाढतील. पण वारसा म्हणजे नुसता तट नव्हे. महाराजांनी तो मजबूत केला हे आपण पोरांना छाती फुगवून सांगतो, आणि सांगायलाच हवं. कान्होजींचंही सांगतो. त्यानंतर मात्र आपण एकदम "इंग्रजांनी घेतला" वर उडी मारतो. मधली भावांची वाटणी, पुण्याचा करार, बाणकोटची मजुरी, आणि पळत आलेला तो पेशवा, एवढं सगळं गाळून. गाळलं की इंग्रज फार मोठे होतात आणि आपण नुसते दुर्दैवी ठरतो. दोन्ही खरं नाही.

तेव्हा जाणार असाल तर हिवाळ्यात जा. ओहोटीची वेळ हर्णैत कुठल्याही कोळ्याला विचारा, पंचांगापेक्षा नेमकी सांगेल. पिण्याचं पाणी बरोबर न्या, बेटावर मिळणार नाही. कचरा परत आणा. चोरदरवाजापाशी लहान मुलांचा हात सोडू नका. आणि पोरांनी विचारलं, किल्ला कुणी घेतला, तर सांगा: घेतला इंग्रजांनी, पण त्यांना वाट आपण दाखवली. दहा वर्षांच्या मुलाला एवढं समजतं. आमच्या पुतण्याला मी घरी आल्यावर सगळं सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे तुळाजी आणि पेशवे एकाच टीममध्ये होते?"

हो रे बाबा, एकाच टीममध्ये होते.